तीन ठोके

लाँच विकून मला सात वर्षं झाली, तरी ती दुसऱ्याच्या हातात बघितली की माझ्या पोटात दुखतं. लपवण्यात अर्थ नाही. लोक म्हणतात, वय झालं की माणूस निवळतो. मी काही निवळलो नाही. रोज सकाळी साडेसातला मी धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसतो, बाही वर करून घड्याळ बघतो आणि पहिली फेरी किती मिनिटं उशिरा सुटते ते मोजतो. हल्ली ती उशिरा सुटत नाही, हेच माझं दुखणं आहे.

साठ माणसं बसतील एवढी लाकडी लाँच आहे ती. दोन्ही कडांना बाकं, मध्ये उभं राहायला जागा, पुढे चार पायऱ्या चढून चाकाची खोली आणि तिच्या बरोबर खाली इंजिनाची. खाडीच्या अलीकडच्या धक्क्यावरून पलीकडच्या धक्क्यावर जायला अकरा मिनिटं लागतात. कचेऱ्या, कॉलेज आणि मोठं इस्पितळ पलीकडे. राहायला सगळे अलीकडे. त्यामुळे या गावात कुणाचं पान लाँचशिवाय हलत नाही.

तिचे पहिले मालक म्हणजे म्हातारे मालक. मी त्यांच्याकडे खलाशी म्हणून लागलो तेव्हा मला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. दोर फेकायचा, दोर ओढायचा, फळी टाकायची, फळी काढायची. चाक त्यांच्या हातात आणि मी त्यांच्या पाठीमागे. त्या पाठीकडे बघत मी सात वर्षं काढली आणि खरं सांगतो, सातही वर्षं मी त्यांच्यावर जळत होतो. ते खोकले की मला वाटायचं, आज चाक माझ्याकडे येणार. मग ते खोकून झालं की शांतपणे पुन्हा चाकाला हात लावायचे. शेवटी गुडघे त्यांना चार पायऱ्या चढू देईनात, तेव्हा त्यांनी लाँच मला विकली. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलोही नाही. रात्रीचं जेवण मी लाँचवर बसून केलं, एकट्यानं.

पुढची एकोणीस वर्षं ती माझी होती. माझ्या पहिल्याच आठवड्यात इंजिनावर एक पोरगेला मेकॅनिक आला. त्याच्या खिशात कायम पाना असायचा, म्हणून त्याचं नावच पान्या पडलं. तोंडानं मुका नव्हता, पण दिवसाला दहा शब्द झाले की त्याचा कोटा संपायचा. मला तसाच माणूस हवा होता. एका लाँचवर बोलणारा एक पुरे.

आमच्या लाँचवर वरून खाली हुकूम जातो तो घंटेनं. चाकाच्या खोलीत एक दोरी लटकते, तिच्या दुसऱ्या टोकाला इंजिनापाशी पितळी घंटा. एक ठोका म्हणजे पुढे, दोन म्हणजे इंजिन मोकळं सोड, तीन म्हणजे मागे. धक्का जवळ आला की सगळा खेळ त्या तीन ठोक्यांचा. लवकर दिले तर लाँच मध्येच थांबते आणि दोर फेकणाऱ्याची फजिती होते. उशिरा दिले तर धक्क्यावर आदळते. बरोबर वेळी दिले तर इंजिन उलटं फिरून तिला असं धरतं, की बाकावर डुलक्या काढणाऱ्याला पोचलो ते कळतही नाही.

माझी लाँच अशी लागायची. मी बढाई मारतो असं वाटेल, तर धक्क्यावरच्या कुणालाही विचारा. मी चाकाच्या खिडकीत काठोकाठ भरलेला चहाचा पेला ठेवायचो आणि लाँच लागल्यावर तो तसाच उचलून प्यायचो. लोक मुद्दाम बघायला थांबायचे. इतर लाँचचे चाक धरणारे सारंग विचारायचे, अंतर कसं कळतं? मी सांगायचो, डोळ्यांनी लाँच लावणारे वेगळे, मी तळपायांनी लावतो. आणि ते खरंच होतं. फळ्यांवर अनवाणी उभं राहिलं की धक्का जवळ आल्यावर लाँच पायांखाली किंचित जड व्हायची. ती जड झाली की तीन ठोके. बस्स. कुणाला सांगून येणारी विद्या नव्हे ही.

आता डोळ्यांचं म्हणाल, तर त्यांनी माझा घात केला. दर वर्षी परवान्यासाठी बंदराच्या दवाखान्यात डोळे तपासतात. शेवटची सहा वर्षं मला भिंतीवरची खालची ओळ दिसत नव्हती, पण फळा तोच होता. मी तो केव्हाच पाठ करून टाकला होता. डॉक्टरांनी काठी टेकवली की मी धाडधाड म्हणून दाखवायचो. सातव्या वर्षी नवीन डॉक्टरीणबाई आल्या आणि नवीन फळाही आला. मी जुनाच फळा म्हटला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला माणूस दिसतो, पण तो किती लांब आहे ते दिसत नाही. कधीपासून?" मी म्हटलं, "आजच जरा अंधुक वाटतंय." चष्म्यानं सुधारण्यासारखं ते नव्हतं. परवाना गेला. पगारी सारंग ठेवून मालक म्हणून मागं बसणं मला जमलं नसतं. दुसऱ्याची पाठ बघण्याचा माझा कोटा आधीच भरला होता. मी लाँच विकून मोकळा झालो.

घेतली ती एका कंत्राटदारानं. त्यानं तिला पिवळा रंग फासला आणि कर्णा बसवून गाणी लावली. पान्याला त्यानं सहा महिन्यांत काढून टाकलं, का, तर तो येताजाता सलाम करत नाही. चार वर्षांत पाच सारंग झाले. लाँच कधी अर्धा तास उशिरा, कधी बंदच. लागताना तर अशी आदळायची की पिशव्यांमधली अंडी फुटायची. माझ्या आयुष्यातली ती फार सुखाची चार वर्षं. मी बाकावर बसून हळहळायचो आणि आतून मला गुदगुल्या व्हायच्या. बायका खाली उतरताना म्हणायच्या, "तुमची सर नाही हो कुणाला." मी मान खाली घालून म्हणायचो, "चालायचंच."

मग कंत्राटदार कंटाळला. एक पूर्ण हंगाम लाँच चिखलात कलंडून पडली होती. आणि एके दिवशी बघतो तर पान्या गुडघाभर चिखलात उभा राहून तिच्या तळाचा पिवळा रंग खरवडतोय.

लाँच त्यानं घेतली होती! माझ्या पान्यानं! कसं जमवलं त्याचं त्याला ठाऊक. मधल्या काळात त्यानं सारंगाची परीक्षा दिली होती, आणि गंमत म्हणजे त्याच्या बायकोनं इंजिनाची. आता तो वर आणि ती खाली. नवराबायकोचा संसार थाटावा तशी दोघांनी माझ्या लाँचवर पथारी पसरली. मला भेटायला आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मालक, आशीर्वाद असू द्या." अजून मालकच म्हणतो. मी घरी येऊन म्हटलं, "खिजवायला आला होता."

"खिजवायला कशाला येईल?" बायको म्हणाली. "एकोणीस वर्षं तुमच्या हाताखाली काढली बिचाऱ्यानं. तुम्ही त्याला एकदा तरी चांगलं म्हणालात?"

"चांगलं काय म्हणायचं? घंटा वाजली की दांडा ओढायचा. माकडही शिकेल."

"मग ते माकड आता वर जाऊन बसलंय, म्हणून तुमच्या अंगाचा तिळपापड होतोय होय?"

तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

पण खरा तिळपापड पुढे झाला. पान्यानं लाँच धक्क्याला लावली ती इतकी अलगद, की दोर धरणाराच गोंधळला. पहिल्याच दिवशी. मी म्हटलं, नशीब. दुसऱ्या दिवशीही तशीच. महिनाभर मी बाकावर बसून वाट बघितली की आज आदळेल, उद्या आदळेल. आदळली नाही. लोक उतरून माझ्याकडे यायचे आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणायचे, "अगदी तुमच्यासारखी लावतो." नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

"माझं बघून शिकला," मी धक्क्यावरच्या चहावाल्याला सांगितलं.

चहावाला पेले विसळत होता. "पण तो तर खाली असायचा," तो म्हणाला. "त्यानं बघितलं कधी?"

"तू चहा कर," मी म्हटलं.

अशी तीन वर्षं गेली. त्या लाँचवर मी तिकीट काढूनच बसायचो. पान्याची बायको म्हणायची, "भाऊजी, तुम्ही कशाला तिकीट काढता?" मी काढायचोच. फुकट बसलो असतो तर लाँचला नावं ठेवता आली नसती. मला एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा ते चाक हातात यावं आणि सगळ्या धक्क्यासमोर लाँच अशी लावून दाखवावी, की अगदी तुमच्यासारखी म्हणणाऱ्यांना नक्कल कुठली आणि अस्सल कुठली ते कळावं. दुसरं काही नको होतं.

गेल्या आठवड्यात तो दिवस आला. वर्षातून एकदा बंदराच्या कचेरीतले साहेब लाँच तपासायला येतात. दुपारी दोन तास प्रवासी घेत नाहीत, साहेबांना मध्यापर्यंत नेऊन परत आणतात आणि सगळं नीट असेल तर वर्षभराचा दाखला मिळतो. त्या दिवशी धक्क्यावर पुढच्या फेरीसाठी पन्नासेक माणसं ताटकळत उभी होती. मीही होतो. पान्या चाकाच्या खोलीतून वाकून म्हणाला, "मालक, येता? परतीचं तुम्ही घ्या. साहेबांना विचारलंय मी."

साहेब म्हणाले, "प्रवासी नाहीत आणि परवानावाला शेजारी उभा आहे. माझी हरकत नाही. तुमचं नाव फार ऐकलंय."

 मी चहावाल्याकडे हात केला. त्यानं पेला भरून दिला. काठोकाठ.

मी चपला काढून चार पायऱ्या चढलो. जाताना चाक पान्याकडेच होतं. मध्यावर त्यानं लाँच वळवली आणि तो बाजूला झाला. चाकाला हात लावला आणि मला वाटलं, ही सात वर्षं कुणीतरी उगाच मध्ये घातली होती. मी एक ठोका दिला. खालून इंजिनानं लगेच उत्तर दिलं. पान्याच्या बायकोचा हात चांगला होता, हे मला आवडलं नाही तरी कळलं.

धक्का जवळ येऊ लागला. माणसं पुढं सरसावली. कुणीतरी ओरडलं, "मालक आहेत चाकावर!" मी दोन ठोके दिले. इंजिन मोकळं झालं. आता फक्त पायांखाली ती जड होण्याची वाट बघायची.

धक्का म्हणजे समोर एक करडा पट्टा, त्यावर माणसांचे ठिपके. मी त्याकडे बघितलंही नाही. मला गरज नव्हती. माझं सगळं लक्ष तळपायांत होतं.

"मालक," पान्या हळूच म्हणाला. "तीन."

"मला शिकवू नकोस."

लाँच जड होईना. मी वाट बघितली. फळ्या नेहमीसारख्या पायांखालून हलकेच सरकत होत्या, तिला थांबायचंच नसावं तशा. पान्याचा हात दोरीकडे गेला. मी तो झटकला. मग करडा पट्टा एकदम खिडकीएवढा झाला आणि मी दोरी ओढली. एक, दोन, तीन.

आम्ही आदळलो. पुढची फळी तडकल्याचा आवाज झाला, कठडा सुटून लोंबकळू लागला आणि साहेब खाली बाकावरून फेकले जाऊन फळ्यांवर बसले. पेला फुटला. धक्क्यावरून आधी किंचाळ्या आल्या आणि मग शिव्या.

आणि मी काय केलं? मी खिडकीतून खाली वाकून ओरडलो, "झोप लागली होती का गं तुला?"

धक्क्यावरच्यांना तेवढंच पुरे झालं. "खालची चूक आहे!" "बाईच्या हातात इंजिन दिल्यावर दुसरं काय होणार!" "मालकांच्या हातून असं होणंच शक्य नाही!" पन्नास माणसं माझ्यासाठी भांडत होती. हेच मला हवं होतं आणि मी ते ऐकत उभा होतो.

ती हात पुसत वर आली. कोपर खरचटलं होतं. घाबरलेली नव्हती, रागावलेली होती.

"भाऊजी, तीन ठोके पडले त्या क्षणी मी मागे घेतलं," ती म्हणाली. "पण तोवर धक्क्याचा हिरवा खांब माझ्या खिडकीच्या मागं गेला होता. खांब खिडकीत दिसला की लगेच ठोके पडायला हवेत."

"मग खांब दिसला तेव्हा ओढायचं होतंस!"

"घंटेच्या आधी?" ती म्हणाली. "कधीच नाही. ह्यांनी पहिल्याच दिवशी बजावलंय. घंटेच्या आधी हात लावायचा नाही, काही झालं तरी. तसं करणारा मी एकटाच वेडा होतो, माझं बघून शिकू नकोस, म्हणाले."

"गप्प बस," पान्या म्हणाला.

त्याचे दहा शब्द त्या दिवशी केव्हाच संपले होते. त्यानं बायकोकडे बघितलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. त्यावरूनच मला सगळं कळलं. इंजिनाच्या खोलीला पाण्यालगत एक वाटोळी खिडकी आहे. त्या खिडकीतून खांब किती लांब आहे ते त्याला दिसत होतं, मला दिसत नव्हतं. तो घंटेची वाट न बघता दांडा हळूहळू मागे घ्यायचा. त्यामुळे लाँच जड व्हायची. ती जड झाली की माझ्या तळपायांना कळायचं आणि मी मोठ्या दिमाखात तीन ठोके द्यायचो. काम झाल्यावर.

साहेब उठून कपडे झटकत होते. त्यांनी वही काढली. "इंजिनावरच्या माणसानं हुकूम वेळेवर पाळला नाही, असं दिसतंय. बाई, तुमचा परवाना मला सहा महिने थांबवावा लागेल. लाँचलाही तोवर दाखला नाही. सारंग, तुमचं काय म्हणणं आहे?"

पान्यानं एकदा बायकोकडे बघितलं. "चूक खालचीच आहे, साहेब," तो म्हणाला.

  सहा महिने लाँच बंद म्हणजे ती पुन्हा चिखलात कलंडणार, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पन्नास माणसांसमोर त्यानं स्वतःची बायको आणि स्वतःची लाँच पुढं केली होती, मला झाकायला.

त्या क्षणी मला त्याचा जेवढा मत्सर वाटला, तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नाही. लाँचचा नाही. चाकाचाही नाही. एवढं मोठं गुपित पोटात ठेवून हा माणूस वर्षानुवर्षं मला मालक म्हणत आला आणि त्याला कधी ते कुणापुढे मिरवावंसं वाटलं नाही. मी असतो तर पहिल्याच आठवड्यात गावभर सांगितलं असतं. त्या दिवशीही मी गप्प बसलो असतो, तर माझं नाव धक्क्यावर तसंच राहिलं असतं. सगळे माझ्याच बाजूचे होते. पण त्याच्यापेक्षा लहान होऊन रोज त्या बाकावर बसणं मला झेपलं नसतं. मी चांगुलपणानं बोललो असं कुणी समजू नये. मी मत्सरानंच बोललो.

"साहेब, ते खोडा," मी म्हटलं. "बाईची चूक नाही. तीन ठोके मी उशिरा दिले. मला धक्का दिसत नाही."

"आज दिसला नाही?"

"परवाना जायच्या आधी सहा वर्षं दिसत नव्हता. मी फळा पाठ केला होता."

साहेबांचं पेन थांबलं. धक्क्यावर कुजबूज झाली आणि ती मागच्या रांगांपर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. माझी बायकोही तिथेच होती, पिशवी घेऊन पलीकडे जायला निघालेली. तिनं पिशवी खाली ठेवली.

"मग ती सहा वर्षं रोज साठ माणसांची लाँच लावत कोण होतं?" चहावाल्यानं धक्क्यावरून ओरडून विचारलं.

पान्या मान हलवून नको नको म्हणत होता. मी त्याचा दंड धरून त्याला खिडकीशी ओढला, सगळ्यांना दिसेल असा.

"हा लावत होता," मी म्हटलं. "खालून."